रानातील शिळावर्तुळे आणि आपली नोंदवही

काही वर्षांपूर्वी माहूरझरी येथील प्राचीन दफनांविषयी चार ओळी वाचून आमच्या संस्थेतील एका सभासदाने मोठ्या उत्साहाने विचारले, "दादा, हे आपलेच माहूर का?" आम्ही त्यांना सांगितले की, हे आपले माहूर नव्हे. आपले माहूर नांदेड जिल्ह्यातले, पैनगंगेच्या अलीकडचे, डोंगर आणि सागाच्या रानातले. माहूरझरी हे नागपूरच्या वायव्येस असलेले एक लहानसे गाव. दोन्ही नावांत साम्य आहे, एवढेच. त्यांचा चेहरा पडला. परंतु या प्रश्नामुळे आम्ही स्वतः त्या विषयाच्या नादी लागलो. पुस्तके मिळविली, जाणकारांना विचारले आणि पुढे दीक्षाभूमीला जाताना वाट वाकडी करून ती स्थळे पाहूनही आलो. त्यातून जे समजले ते सभासदांपुढे, विशेषतः विद्यार्थ्यांपुढे ठेवावे, या हेतूने हा लेख लिहीत आहोत.

लेखाचा विषय एका वाक्यात सांगता येईल. रानात झाडाझुडपांखाली दडलेली एखादी प्राचीन दगडांची रास आढळली, तर तिला हात न लावता तिची मोजणी आणि नोंद कशी करावी? हे काम फक्त मोठ्या विद्वानांचे आहे असे समजण्याचे कारण नाही. टेप, दोरी, वही आणि प्रामाणिकपणा एवढ्या भांडवलावर ते करता येते.

शिळावर्तुळ म्हणजे काय?

विदर्भात, मुख्यतः नागपूरच्या आसपास, मोठमोठे दगड गोलाकार मांडून केलेली शेकडो वर्तुळे आहेत. त्यांना शिळावर्तुळे म्हणतात. वर्तुळाच्या आत लहान दगडगोटे आणि मातीचा भराव असतो. तो मध्यभागी थोडा उंच असतो, म्हणून लांबून पाहिले तर पालथ्या परातीसारखा दिसतो. या भरावाखाली मृतांच्या अस्थी आणि त्यांच्यासोबत ठेवलेल्या वस्तू सापडतात. ज्या लोकांनी ही वर्तुळे उभारली त्यांच्या संस्कृतीला अभ्यासक महापाषाणीय संस्कृती म्हणतात.

हे लोक लोखंड वापरणारे होते. काळी-तांबडी मृद्भांडी, लोखंडी कुऱ्हाडी, छिन्न्या, सुऱ्या, तांब्याच्या वस्तू, मौल्यवान दगडांचे मणी अशा वस्तू या वर्तुळांतून मिळाल्या आहेत. माहूरझरीला माणसांबरोबर घोड्याचीही दफने आढळली आणि घोड्याच्या चेहऱ्यावर चढवावयाचे तांब्याचे अलंकार मिळाले. पेंच नदीकाठच्या नायकुंड येथे लोखंड गाळण्याची भट्टीच उजेडात आली. म्हणजे ही माणसे अडाणी, रानटी नव्हती. ज्यांना आग आणि धातू यांची पारख होती असे ते कारागीर होते.

त्यांचा काळ साधारणतः इ.स.पूर्व पहिल्या सहस्रकाचा मानला जातो. तथागतांचा काळ याच सहस्रकात, इ.स.पूर्व सहाव्या-पाचव्या शतकात येतो. सुत्तनिपाताच्या पारायणवग्गात गोदावरीच्या काठी राहणाऱ्या बावरीची कथा आहे. त्याचे सोळा शिष्य पैठणमार्गे उत्तरेकडे तथागतांच्या भेटीला गेले, असे त्या कथेत सांगितले आहे. ज्या काळाची ही कथा आहे त्याच काळाच्या आगेमागे आपल्या शेजारच्या विदर्भात लोक आपल्या मृतांसाठी दगड वाहून आणीत होते. हा विचार मनात आला की ते दगड फार दूरचे वाटत नाहीत.

यापूर्वी कोणी पाहिले?

या वर्तुळांकडे जाणत्यांचे लक्ष जाऊन दीडशे वर्षे उलटली. नागपूरला आलेले स्कॉटिश धर्मप्रचारक स्टीफन हिस्लॉप हे टाकळघाट येथील शिळावर्तुळे पाहून परतत असताना सप्टेंबर १८६३ मध्ये पुराच्या पाण्यात वाहून गेले. ज्यांच्या नावाने नागपूरचे हिस्लॉप महाविद्यालय ओळखले जाते ते हेच. पुढे रिव्हेट-कारनॅक या अधिकाऱ्याने १८६७ मध्ये नागपूरजवळच्या जुनापाणी येथील काही वर्तुळे उघडली आणि तेथील दगडांवर कोरलेल्या वाटीसारख्या खळग्यांविषयी १८७९ मध्ये लिहिले.

आमच्या मराठवाड्याशीही या विषयाचा जुना संबंध आहे. निजामाच्या मुलखात शोरापूर आणि नंतर नळदुर्ग येथे कारभार पाहिलेले मेडोज टेलर यांनी शोरापूरकडील अशा दगडी राशी उघडून पाहिल्या. महत्त्वाचे म्हणजे आत कोणत्या थरात काय होते याचे उभे छेद त्यांनी कागदावर काढून ठेवले. वस्तू काढून घेणारे त्या काळी पुष्कळ होते, पण थर काढून ठेवणारे फार थोडे.

स्वातंत्र्यानंतर १९६१-६२ मध्ये बी. के. थापर यांनी जुनापाणीला शास्त्रीय उत्खनन केले. त्यानंतर डॉ. शां. भा. देव यांनी टाकळघाट-खापा (१९६८-६९), माहूरझरी (१९७०-७२) आणि पुढे सहकाऱ्यांसह नायकुंड अशी स्थळे खोदून त्यांचे अहवाल प्रसिद्ध केले. याच देवांनी जगत्पती जोशी यांच्यासमवेत १९६९-७० मध्ये भंडारा जिल्ह्यातील पवनी येथे उत्खनन केले आणि तेथील प्राचीन बौद्ध स्तूप प्रकाशात आणला, हे आपल्या वाचकांनी लक्षात ठेवण्यासारखे आहे. पुण्याच्या परिसरातील महापाषाणीय अवशेषांचा शोध पायी फिरून घेणारे दामोदर कोसंबी हे तर भगवान बुद्धाचे चरित्र मराठीत लिहिणाऱ्या धर्मानंद कोसंबींचे चिरंजीव.

रास आणि स्तूप

येथे एक प्रश्न आमचे धम्मबांधव हमखास विचारतात. ही वर्तुळे म्हणजे बौद्ध स्तूपच नव्हेत काय?

स्तूप या शब्दाचा मूळ अर्थच रास किंवा ढीग असा आहे. महापरिनिब्बान सुत्तात तथागतांच्या धातूंवर उभारलेल्या आठ स्तूपांची, शिवाय अस्थी वाटून देणाऱ्या द्रोणाच्या कुंभावरील एका स्तूपाची आणि पिप्फलीवनाच्या मोरियांनी रक्षेवर बांधलेल्या एका स्तूपाची, अशी दहा स्तूपांची हकिकत आहे. थोर व्यक्तीच्या अवशेषांवर रास रचण्याची लोकरीत बुद्धपूर्व काळापासून होती आणि स्तूप तिच्यातूनच घडत गेला, असे बरेच अभ्यासक मानतात. कर्नाटकात ब्रह्मगिरी येथे तर महापाषाणीय दफने आणि सम्राट अशोकाचा लेख एकाच परिसरात आहेत. तेथे मॉर्टिमर व्हीलर यांनी १९४७ मध्ये उत्खनन केले होते.

असे असले तरी विदर्भातील शिळावर्तुळे बौद्धांची नव्हेत, हे स्पष्ट सांगितले पाहिजे. मृतासोबत शस्त्रे, भांडी आणि घोडा पुरणे ही एक रीत झाली. तथागतांच्या अस्थींवर चौरस्त्यात स्तूप उभारून येणाऱ्या-जाणाऱ्याचे मन प्रसन्न व्हावे असे पाहणे ही दुसरी. दोन्हींचा बाह्य आकार सारखा आहे म्हणून अर्थही सारखा होत नाही. आपली लेणी 'पांडवांची' म्हणून खपविली गेली, आपल्या मूर्तींना शेंदूर फासून भलतीच नावे दिली गेली, याचे दुःख आपल्याला आहे. मग ज्या लोकांचे आज कोणी वारस म्हणून उभे राहत नाही, त्यांच्या राशीवर आपण आपली पाटी लावावी काय? ऐकीव गोष्ट केवळ ऐकीव म्हणून स्वीकारू नये ही कालामांना दिलेली शिकवण आपल्या सोयीच्या ऐकीव गोष्टीलाही लागू आहे. म्हणूनच आधी मोजणी, मग मत.

गवतात हरवलेले वर्तुळ

दीक्षाभूमीचे दर्शन घेऊन आम्ही पाच जण पहिल्यांदा जुनापाणीला गेलो ते दसऱ्याच्या दुसऱ्या दिवशी. नागपूरहून काटोल रस्त्याने अवघ्या काही मैलांवर हे स्थळ आहे. तेथे सुमारे तीनशे वर्तुळे आहेत असे वाचून गेलो होतो. प्रत्यक्षात समोर कंबरभर गवत, त्यात घाणेरी, तरवड आणि बोराटी. अर्धा तास फिरूनही काही दिसेना. शेवटी आमच्यातला एक विद्यार्थी ठेच लागून पडला. ज्या दगडाला ठेच लागली त्याच्या शेजारी दुसरा दगड, त्याच्यापुढे तिसरा. गवत बाजूला सारीत चालत राहिलो तेव्हा समजले की आम्ही इतका वेळ वर्तुळाच्या आतच उभे होतो!

दुसऱ्यांदा गेलो ते फाल्गुनात, भल्या सकाळी. गवत वाळून बसले होते, ऊन तिरपे होते. तेच माळरान, पण आता प्रत्येक उंचवट्याची सावली पडली होती आणि वर्तुळामागून वर्तुळ डोळ्यांना दिसत होते. काही दगडांवरचे वाटीसारखे खळगे, भर दुपारी जे बोटाने चाचपावे लागतात, ते त्या तिरप्या उन्हात ओळीने उभे राहिले. पाहणीचा पहिला धडा आम्हांला असा मिळाला: स्थळ तेच असते, ऋतू आणि वेळ निवडावी लागते.

मोजणी कशी करावी?

साहित्य फार लागत नाही. तीस मीटरच्या दोन टेप, सुतळी, लाकडी खुंट्या, ओळंबा, गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी, होकायंत्र, आलेखाची वही, पेन्सिल, विळा आणि एक मऊ ब्रश. किमान चार माणसे असावीत. कामाचा क्रम असा ठेवावा.

१. विचारपूस. जमीन कोणाची आहे ते पाहून मालकाची, रान असेल तर वनखात्याची परवानगी घ्यावी. गट नंबर लिहून घ्यावा. परिसरातील गुराख्यांना आणि वृद्ध स्त्रियांना आवर्जून विचारावे. त्या जागेला लोक काय म्हणतात ते त्यांच्याच शब्दांत टिपावे. कोठे पांडवांचे नाव निघेल, कोठे राक्षसांचे. आपल्या सीमेपलीकडे तेलंगणात अशा दफनांना राक्षसांची घरे अशा अर्थाचे नाव आहे. नाव खरे की खोटे हा वाद तेथे घालू नये. नाव हाही पुरावाच असतो.

२. न हलविता पाहणी. पाभरीच्या तासांसारख्या सरळ समांतर रेषांत, एकमेकांपासून पाचेक मीटर अंतर ठेवून सर्वांनी चालावे. दगड दिसला की थांबून खूण करावी. प्रथम हाताने ढोबळ चित्र काढावे.

३. साफसफाई. गवत आणि झुडपे जमिनीच्या वर विळ्याने कापावीत. मुळासकट उपटू नयेत, कारण मुळांनी दगड धरून ठेवलेले असतात आणि झुडूप उपटले की दगड सरकतो. पेटवून तर कधीच देऊ नये, आगीने दगड तडकतो. जेवढे दिसणे आवश्यक आहे तेवढेच कापावे. दगडाच्या फटीत हात घालू नये, घोणस असू शकते.

४. आधाररेषा. राशीच्या बाहेर, मोकळ्या जागी दोन खुंट्या ठोकाव्यात. त्यांना अ आणि ब म्हणावे. त्यांच्यातील अंतर काळजीपूर्वक मोजावे आणि रेषेची दिशा होकायंत्राने घ्यावी. होकायंत्र दगडावर ठेवू नये. आपल्याकडच्या काळ्या पाषाणात लोहद्रव्य असते, त्यामुळे सुई भरकटते.

५. दगडांची स्थाने. उत्तरेकडून सुरुवात करून घड्याळाच्या काट्याच्या दिशेने प्रत्येक दगडाला क्रमांक द्यावा. क्रमांक दगडावर रंगाने किंवा खडूने लिहू नये. कागदाची चिठ्ठी शेजारी खड्याखाली दाबून ठेवावी आणि काम संपल्यावर उचलून आणावी. मग प्रत्येक दगडाचे अ पासूनचे आणि ब पासूनचे अंतर मोजावे. घरी आल्यावर कागदावर अ आणि ब मांडून कंपासने दोन कंस काढले की ते जेथे छेदतात तेथे तो दगड. दोन कंस दोन ठिकाणी छेदतात, म्हणून दगड रेषेच्या कोणत्या बाजूला आहे तेही लिहावे. सोबत दगडाची लांबी, रुंदी, जमिनीवरील उंची, आणि तो जागचा दिसतो की घसरलेला, हेही टिपावे.

६. अर्धवट वर्तुळ. पुष्कळदा निम्मे दगड गेलेले असतात आणि कंसाचाच तुकडा उरतो. तेव्हा विद्यार्थ्यांनी शाळेतली भूमिती आठवावी. कंसाच्या दोन टोकांमध्ये सुतळी ताणावी, ती झाली जीवा. जीवेच्या मध्यापासून कंसापर्यंतचे काटकोनातील अंतर मोजावे, ती झाली कंसाची उंची. जीवेच्या वर्गाला उंचीच्या आठपटीने भागावे आणि त्यात निम्मी उंची मिळवावी, म्हणजे त्रिज्या मिळते. उदाहरणार्थ, जीवा ८ मीटर आणि उंची १ मीटर असेल तर ६४ भागिले ८ म्हणजे ८, अधिक अर्धा, म्हणजे त्रिज्या साडेआठ मीटर. संपूर्ण वर्तुळाचा व्यास १७ मीटर होता हे दोन मापांवरून समजले! मात्र वहीत 'मोजलेला' आणि 'काढलेला' व्यास वेगळा दाखवावा.

७. उंचवट्याचा छेद. राशीवरून दक्षिणोत्तर आणि पूर्वपश्चिम अशा दोन सुतळ्या ताणाव्यात. लेव्हल नळीने त्या समपातळीत आणाव्यात आणि दर मीटरला सुतळीपासून जमिनीपर्यंतची खोली ओळंब्याने मोजावी. हे आकडे आलेखावर मांडले की राशीचा आकार उमटतो. मध्यभागी खळगा दिसला तर पूर्वी कोणी तेथे खणले असण्याची शंका घ्यावी. धनाच्या लोभाने पडलेले असे खड्डे पुष्कळ ठिकाणी दिसतात.

८. कोरीव खळगे. असतील तर मऊ ब्रशने धूळ झाडावी. पाणी, तेल, खडू काही लावू नये. खळगे मोजून त्यांची मांडणी कागदावर काढावी आणि ते दगडाच्या कोणत्या बाजूला, कोणत्या दिशेला आहेत ते लिहावे. जुनापाणीच्या खळग्यांचा सूर्याच्या किंवा ताऱ्यांच्या दिशांशी संबंध असावा काय, याचा विचार अलीकडच्या अभ्यासकांनी केला आहे. दिशा नोंदविलेल्या होत्या म्हणूनच तो विचार शक्य झाला.

९. छायाचित्रे. शेजारी मापपट्टी आणि उत्तर दिशेचा बाण ठेवून काढावीत. आता प्रत्येकाच्या खिशात मोबाईल आहे, त्यावर अक्षांश-रेखांश मिळतात. परंतु त्यात काही मीटरची चूक असू शकते. रास नकाशावर कोठे आहे हे मोबाईल सांगेल, राशीतला दगड कोठे आहे हे टेपच सांगेल.

१०. नोंदवही. वहीच्या पानाचे तीन रकाने करावेत: पाहिलेले, ऐकलेले आणि आम्हांला वाटते ते. या तिघांची कधीही भेसळ होऊ देऊ नये. चूक झाली तर रबराने खोडू नये. बँकेच्या खातेवहीत जसा चुकीचा आकडा एका रेघेने छेदून, शेजारी बरोबर आकडा लिहून सही करतात तसे करावे. खोडलेला आकडाही पुढच्या माणसाला काही सांगत असतो.

या कामाचा सराव आम्ही आमच्या विहाराच्या पटांगणात केला. अठरा दगड गोल मांडले आणि विद्यार्थ्यांच्या दोन तुकड्यांना स्वतंत्रपणे मोजावयास सांगितले. दोघांच्या व्यासात तब्बल तीस सेंटिमीटरचा फरक आला. शोध घेतला तेव्हा एका टेपचे सुरुवातीचे दहा सेंटिमीटर तुटलेले निघाले, आणि एक तुकडी दगडाच्या मध्यापर्यंत तर दुसरी कडेपर्यंत मोजीत होती. दोन्ही तुकड्या प्रामाणिक होत्या. फक्त कोठून कोठपर्यंत मोजावयाचे हे आधी ठरलेले नव्हते. तेव्हापासून वहीच्या पहिल्या पानावर आम्ही हेच आधी लिहितो.

खणू नये

मोजणी ही आपली मर्यादा आहे. खणणे हे आपले काम नव्हे. एकदा उकरलेली रास पुन्हा पूर्वीसारखी रचता येत नाही. सांचीच्या महास्तूपाला १८२२ मध्ये अशाच घाईने भगदाड पाडले गेले आणि त्याची केवढी हानी झाली, हे आपण जाणतो. कायदाही हेच सांगतो. संरक्षित स्थळांना १९५८ च्या केंद्रीय आणि १९६० च्या राज्य अधिनियमाचे संरक्षण आहे. केंद्रीय अधिनियमात २०१० मध्ये झालेल्या दुरुस्तीनुसार राष्ट्रीय संरक्षित स्थळापासून १०० मीटरच्या आत नवे बांधकाम करता येत नाही आणि त्यापुढील २०० मीटरमध्ये परवानगी लागते. जमिनीत धन सापडले आणि त्याची किंमत दहा रुपयांहून अधिक असेल तर जिल्हाधिकाऱ्यांना कळविणे १८७८ च्या कायद्याने बंधनकारक आहे. तयार झालेल्या नोंदीची एक प्रत संस्थेत, एक जवळच्या महाविद्यालयाच्या इतिहास विभागात आणि एक राज्याच्या पुरातत्त्व संचालनालयाकडे द्यावी. एकाच कपाटात ठेवलेली नोंद ही अर्धीच नोंद होय.

एक कबुली

शेवटी एक गोष्ट सांगितल्यावाचून हा लेख पुरा होणार नाही.

आम्ही विशीत असताना आमच्या मूळ गावी विहाराच्या बांधकामाची तयारी चालली होती. पैसा नव्हता, अंगमेहनत होती. पायात भरण्यासाठी दगड हवे होते. गावाबाहेरच्या पडीक माळावर झुडपांत एक जुनी दगडांची रास होती. मोठे दगड कडेने, लहान आत. आम्ही तरुणांनी बैलगाड्या लावल्या. शेजारची एक वृद्ध आजी म्हणाली, "पोरांनो, ते म्हाताऱ्यांचं ठाणं हाय, त्याला हात लावू नका." आम्ही हसलो. अंधश्रद्धा आहे म्हणून तिला समजावून सांगितले. तीन दिवसांत माळ मोकळा झाला. काही काळ्या-तांबड्या खापऱ्या निघाल्या, त्या मुलांनी नदीत भाकऱ्या काढण्यासाठी पळविल्या.

फाल्गुनातल्या त्या सकाळी जुनापाणीच्या वर्तुळाजवळ उभे असताना आम्हांला तो माळ आठवला आणि पायांतले बळ गेल्यासारखे झाले. ती रास प्राचीन दफनाची होती, असा आमचा दावा नाही. कदाचित कोणा शेतकऱ्याने शेतातले दगड वेचून टाकलेले असतील. काळी-तांबडी खापरे कुंभाराच्या आव्याजवळही मिळतात. पण खरे दुःख हेच आहे की, आता ते कोणालाच सांगता येणार नाही. ती किती रुंद होती, दगड किती होते, कोणत्या दिशेला होते, यातले एकही माप आमच्याजवळ नाही. आजी गेली, तिला 'म्हातारे म्हणजे कोण?' एवढेही आम्ही विचारले नव्हते. ती श्रद्धेने बोलत होती, आम्ही बुद्धीचा अभिमान मिरवीत होतो. पण तपासून पाहणे हे जर बुद्धीचे लक्षण असेल तर त्या दिवशी आम्हीही तपासले नव्हते. विहार उभा राहिला, त्याचा अभिमान आजही आहे. मात्र वंदनेला बसताना त्या पायातल्या दगडांची आठवण येते.

विद्यार्थी मित्रांनो, माहूर, किनवटच्या रानात किंवा लातूरकडच्या माळावर अशी रास आहे की नाही, हे आम्ही सांगू शकत नाही. पण रस्ते रुंद होत आहेत, माळ सपाट होत आहेत, खडीची यंत्रे डोंगर खात आहेत. जे आहे ते दिसण्याआधीच नाहीसे होण्याचे हे दिवस आहेत. ज्या समाजाचा इतिहास इतरांनी लिहिला नाही, किंवा चुकीचा लिहिला, त्या समाजाच्या मुलांना न लिहिलेल्या गोष्टीची किंमत अधिक कळली पाहिजे. रास कोणाची होती हा प्रश्न नंतरचा. ज्यांनी ती रचली तीही माणसे होती, आपल्या माणसासाठी त्यांनी उन्हातान्हात दगड वाहिले होते. त्यांच्याविषयी आपला आदर एका फूटपट्टीने आणि एका पेन्सिलीने व्यक्त करता येतो.

पुढच्या फाल्गुनात एक दिवस काढा. टेप तपासून घ्या. गावातल्या सर्वांत वृद्ध बाईला आधी भेटा. आणि दिसले ते, जसे दिसले तसेच लिहा.

जय भीम!